षड्ज डगमगला की समजा: रेगा प्लॅनर १ आणि ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दाखवताना दुकानात बहुधा ठेक्याची, दणकेबाज रेकॉर्ड लावतात. त्यात गतीचा दोष झाकला जातो. तानपुरे घडवणाऱ्या मिरजेच्या परिसरात कसोटी हाताशीच आहे: विलंबित ख्यालाची एलपी लावा आणि गायक श्वास घेतो तेव्हा मागचा तानपुऱ्याचा षड्ज ऐका. तो दर १.८ सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीत प्रत्येक फेऱ्याला, हेलकावत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा तबकडी वाकली आहे. मशीनला दोष देऊ नका. हेलकाव्याला ताळतंत्र नसेल, तर आधी बेल्ट, म्हणजे मोटरची गती तबकडीकडे नेणारा रबरी पट्टा, तपासा.

शीर्षकातल्या दोन टर्नटेबलांपैकी रेगाचा प्लॅनर १ बेल्टवर चालतो. मोटर बाजूला असते आणि तिची थरथर रबर बरीचशी गिळतं, म्हणून एलपीचा आवाज शांत, मोकळा येतो. पण ३३ वरून ४५ वर जायचं तर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) उचलून बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. बोटांचं तेल बेल्टला लागलं की तो घसरतो. तेव्हा बेल्ट कडेला धरा आणि अधूनमधून पुली व बेल्ट कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा.

दुसरी गोष्ट विजेची. प्लॅनर १ मधल्यासारख्या एसी सिंक्रोनस मोटरची गती व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर ठरते. त्यामुळे दिवे मंदावले तरी सूर उतरत नाही. पण ६० हर्ट्‌झसाठी बनलेलं, अमेरिकेतून आलेलं जुनं बेल्ट मशीन आपल्या ५० हर्ट्‌झवर ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ गतीने फिरतं. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, पुली बदलावी लागते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अशी मोटर गुणगुणूही शकते.

ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्समध्ये प्लॅटर थेट मोटरवर बसतो. गती क्वार्ट्‌झने बांधलेली, बेल्टची कटकटच नाही. आतला प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) कामापुरता आहे. बरा फोनो प्रीअँप असेल तर मागचं बटण ‘लाइन’वरून ‘फोनो’वर न्या. निव्वळ एलपी ऐकणाऱ्याने रेगा घ्यावा, असं आमचं मत. पण नाट्यपंढरी सांगलीत जुन्या वाड्यात नाट्यपदांच्या, ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्यांची पेटी निघणं नवलाचं नाही, आणि प्लॅनर १ वर ७८ गतीच नाही, एलपी१२०एक्सवर आहे. तिथे वाद संपतो.

त्या काळच्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. एलपी१२०एक्सवर क्वार्ट्‌झ बंद करून पिचच्या (गती कमीजास्त करायच्या) पट्टीने हार्मोनियमच्या सुराशी मेळ घालता येतो. हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही. मात्र सोबत आलेली हिरवी सुई त्या रुंद खाचेत तळाला घासते आणि खरखर वाढते. त्याच कार्ट्रिजवर (सुई बसते त्या डबीवर) बसणारी ३ मिलच्या (इंचाच्या तीन सहस्रांश) टोकाची एटी-व्हीएमएन९५एसपी सुई घ्या. सुईचं तबकडीवरचं वजन एलपीला २ ग्रॅम, ७८ ला ५ ग्रॅम. काउंटरवेटच्या (दांड्याच्या मागच्या वजनाच्या) आकड्यांवर विसंबू नका, सुईचं वजन मोजणारा छोटा डिजिटल काटा वापरा आणि सुई बदलली की वजन पुन्हा जुळवा.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं. आणि उन्हाळ्यात तबकड्यांची पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.