साथीच्या काळातला हृदयविभाग: सांगलीतली सेवा कशी होती

कोविडकाळात सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयाने एक गोष्ट अचूक केली. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी कोविडच्या अहवालासाठी अडवला नाही. १० मिनिटांत ईसीजी, ॲस्पिरिन चघळायला, मगच नाकातला स्वॅब. रक्तवाहिनी बंद असेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत राहतो, म्हणून हाच क्रम योग्य.

उणीव मोठी होती ती कॅथलॅबची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडतात त्या खोलीची. पीपीई चढवणे, खोली निर्जंतुक करणे यात वेळ जायचा. ईसीजीवरून रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचे दिसत असेल, अँजिओप्लास्टीला (ती फुग्याने उघडायला) १२० मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच द्यायला हवे. तो निर्णयच रेंगाळायचा. जत, आटपाडीहून येणाऱ्यांचा वेळ तर आधीच वाटेत गेलेला!

फोनवरची फेरतपासणी मात्र उत्तम. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यानंतरच्या, गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या मनाने बंद करू नका, हे दरवेळी बजावत.