बॉक्सवरचे हजार वॅट

तासगाव तालुक्यात आमचा मंडप आणि साउंडचा छोटा धंदा आहे. गेल्या वर्षी सांगलीतल्या एका दुकानातून पंधरा इंची टॉपची, म्हणजे स्टँडवरच्या मोठ्या स्पीकर बॉक्सची, जोडी घेतली, ५४ हजार रोख. कागदावर छापलेलं: १००० वॅट, १३३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). "पाहुणं, या किमतीत हजार वॅट कोण देतंय?" असं म्हणत दुकानदाराने चहा मागवला.

हजार वॅट धरून मी एका बाजूला ८०० वॅटचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) जोडला. गावच्या सप्ताहात तिसऱ्या रात्री मागच्या लोकांना कीर्तन ऐकू जाईना, म्हणून आवाज वाढवत नेला. डावा बॉक्स खरखरला, मग जळका वास आला. पुढच्या बायाबापड्या उठून उभ्या राहिल्या, महाराज थांबले. ती रात्र मी विसरणार नाही.

सकाळी बॉक्स खोलला. स्पीकरच्या आतली तारेची कॉइल काळी पडलेली. मॅग्नेटच्या मागे दुकानाचा स्टिकर होता, तो खरवडला तर खाली मूळ कंपनीचा मॉडेल नंबर. त्या कंपनीचा कागद नेटवर मिळाला: सलग २५० वॅट, एका वॅटला एक मीटरवर ९७ डीबी.

आता हिशोब बघा. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डीबी वाढतो. २५० वॅट म्हणजे एका वॅटपेक्षा २४ डीबी जास्त, म्हणजे ९७ चे झाले १२१. मला सांगितले होते १३३. मधले १२ डीबी भरून काढायला सोळापट पॉवर लागते! आणि उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी गळतात, त्यामुळे सोळा मीटरवर उरतात ९७ च. मागच्यांपर्यंत आवाज कमी पोचायचं एक कारण हे होतं.

हजारचा आकडा आला कुठून? सलग पॉवरची चौपट करून पीक लिहायची पद्धत आहे. पीक म्हणजे क्षणभराचा झटका. कॉइल तापते ती सलग पॉवरने. सलग आकडा खरा काढायचा तर स्पीकरवर दोन तास न थांबता चाचणीचा आवाज सोडतात. म्हणून कागदावर नुसतं 'वॅट' असेल तर सलग, प्रोग्रॅम (सलगच्या साधारण दुप्पट धरलेला आकडा) की पीक, ते आधी विचारा. '४० हर्ट्झपासून', म्हणजे अगदी खालच्या जाड आवाजापासून, लिहिलं असेल तर तिथे आवाज किती डीबी पडतो तेही विचारा. दहाने पडत असेल तर तो बेस नसल्यातच जमा.

दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं, "पीकच सांगितलंवतं की. अन् जळल्या कॉइलला वॉरंटी नसती." ग्राहक आयोगात जायचं म्हणून बिल काढलं. त्यावर लिहिलेलं एवढंच: स्पीकर, २ नग. तुम्ही घ्याल तेव्हा मॉडेल नंबर आणि सलग वॅट बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहायला नको म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.