अझुर डेव्हऑप्स: प्रोसेस आधी ठरवा, प्रोजेक्ट मग उघडा

मायक्रोसॉफ्टच्या अझुर डेव्हऑप्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टीमचं काम आखण्या-नोंदवण्याच्या साधनात, चार तयार प्रोसेस (कामाच्या नोंदींचे प्रकार, रकाने आणि अवस्था ठरवणारे साचे) मिळतात: बेसिक, अ‍ॅजाइल, स्क्रम आणि सीएमएमआय (कामाच्या शिस्तीची एक औपचारिक चौकट). बेसिकमध्ये नोंदींचे प्रकार एपिक (मोठं काम), इश्यू (त्यातला एक भाग), टास्क (छोटं काम) एवढेच. अवस्थाही तीनच: टू डू, डूइंग, डन. चार-पाच जणांच्या टीमला पुरतं, पण बगसाठी (सॉफ्टवेअरमधल्या चुकीसाठी) वेगळा प्रकार नाही आणि टेस्टर आला की ते खुपतं.

खरी निवड अ‍ॅजाइल की स्क्रम हीच. अ‍ॅजाइलच्या टास्कवर मूळ अंदाज, उरलेलं काम आणि झालेलं काम असे तीन रकाने. स्क्रममध्ये फक्त उरलेलं. क्लायंटला तासांचा हिशेब द्यायचा असेल तर अ‍ॅजाइलच घ्या. स्क्रममध्ये बग मुळातच बॅकलॉगच्या (करायच्या कामांच्या मुख्य यादीच्या) पातळीवर धरला जातो, हे मात्र झकास. सीएमएमआयमध्ये चेंज रिक्वेस्ट, रिव्ह्यू, रिस्क असे प्रकार आहेत; ऑडिट नसेल तर उगाच ओझं.

मूळ प्रोसेस कुलूपबंद असते, तिच्यात नवा रकाना घालता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तिच्यावरून इनहेरिटेड प्रोसेस (तिच्यावर आधारलेली, बदल करता येणारी प्रोसेस) काढा आणि प्रोजेक्ट त्यावर उघडा. अ‍ॅजाइलवरून स्क्रमवर अशी प्रोसेस नंतरही बदलता येते, पण जुन्या नोंदींचे प्रकार, अवस्था आणि बोर्डाचे कॉलम हाताने जुळवत बसावं लागतं.