डॉइचलांडटिकीट, इंटररेल आणि 'स्वस्त' विमान : चौदा महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये म्युनिकला आले. ऑफिसातल्या एका मराठी मैत्रिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी डॉइचलांडटिकीट काढ, घर नंतर शोध." घर मिळायला तीन महिने लागले, तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, पाच मिनिटांत फोनवर आलं. तेव्हा महिन्याला ४९ युरो पडायचे, जानेवारी २०२५ पासून ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. भाव वाढला की दर वेळी बंद करायचं ठरवते आणि दर वेळी राहून जातं. रद्द करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत. एकदा ११ तारखेला आठवलं, पुढच्या महिन्याचे पैसे गेले.

देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक गाड्या यावर चालतात. आयसीई, आयसी, ईसी या वेगवान गाड्या चालत नाहीत. पॅसेंजरचा पास आहे असं समजा, तो घेऊन राजधानी एक्सप्रेसमध्ये चढायचं नाही. पण मला त्याचा खरा फायदा झाला तो सीमा ओलांडताना. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही हे तिकीट तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. म्युनिकहून तिथे पोचायला दोन तासांच्या आतबाहेर. पुढे व्हिएन्नापर्यंत अडीच तास, आणि त्या मार्गावर दोन कंपन्यांच्या गाड्या एकमेकींशी स्पर्धा करतात, त्यामुळे महिनाभर आधी पाहिलं तर तिकीट बरंच खाली मिळतं. म्युनिक ते व्हिएन्ना थेट तिकीट काढण्यापेक्षा हे असं तोडून काढलं की मला बहुतेक वेळा निम्म्यात पडलं.

'बहुतेक वेळा' म्हणतेय, कारण फेब्रुवारीत याच हुशारीने मला फटका दिला. साल्झबुर्गला गाडी बदलायला बारा मिनिटं ठेवली होती आणि पहिली गाडी पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. पुढचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं होतं. खिडकीवरच्या बाईंनी अगदी हसतमुखाने समजावलं की दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार, पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याचा संबंध नाही. नवीन तिकीट ५८ युरो. वाचवलेले सगळे तिथेच गेले. तेव्हापासून तिकीट तोडायचं असेल तर मध्ये एक तास ठेवते आणि स्टेशनवर कॉफी पिते.

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर गोष्ट उलटी. जर्मनीतलं स्वस्त तिकीट एका गाडीला बांधलेलं असतं, पण पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. पोचायला तास उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, दोन तास झाला तर ५०. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हिशेबात न धरता. त्यामुळे हे नियम पाठ असलेले बरे. मला आतापर्यंत दोनदा पैसे परत मिळाले आहेत.

जूनमध्ये आई-बाबा आले. आईने "मला एका जागी बसून तुझ्याकडे राहायचंय" म्हणून हात वर केले. बाबा भुसावळला लोको पायलट होते, त्यांना गाडी सोडून दुसरं काही बघायचंच नव्हतं. मग आम्ही दोघांनी युरोपभरातल्या गाड्यांत चालणारे पास काढले. मी इथली रहिवासी, म्हणून माझा इंटररेल. ते भारतातून आलेले, म्हणून त्यांचा युरेल. पासपोर्ट कोणता याला महत्त्व नाही, राहता कुठे ते बघतात. महिन्याभरात कुठलेही चार दिवस, दुसरा वर्ग, माझे २८३ युरो. बाबांना साठीच्या पुढचे म्हणून १० टक्के सूट.

पहिला दिवस झुरिक. दुसऱ्या दिवशी झुरिकहून कूर, सेंट मॉरिट्झ आणि तिथून बर्निनाच्या मार्गाने इटलीतल्या तिरानोपर्यंत. या मार्गावर काचेच्या छताची जी प्रसिद्ध गाडी आहे तिला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवरून साधी गाडीही धावते, तिला काहीच लागत नाही, आणि तिची खिडकी उघडते. साधीच घ्या. बाबा ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनापर्यंत उभेच होते. २२५३ मीटर उंची, काही ठिकाणी हजाराला ७० चा चढ, आणि चढायला पकड देणारा दातेरी रूळ नाही. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे चौदाला एक! आपला कसारा सदतीसला एक, तरी मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावे लागतात." मग तोंडात बोट घालून गप्प. पुढे ब्रुसिओला गाडी गोल पुलावरून स्वतःभोवतीच एक वळसा घेऊन उतरते, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू काढ फोटो, मला बघू दे."

आता पैशांचं. आरक्षणाची सक्ती नसलेल्या महाग देशात, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, पास शोभतो. फ्रान्स-स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षण काढावंच लागतं. शिवाय पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात, त्यामुळे मनाला येईल तेव्हा निघू ही पासची मुख्य गंमत संपते. आम्ही तिसऱ्या दिवशी मिलानहून व्हेनिसला गेलो आणि त्याच रात्री म्युनिकची रात्रगाडी धरली. मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल तर रात्रगाडीचा दिवस निघण्याच्या तारखेचा धरतात, म्हणून दोन्ही प्रवास एकाच दिवसात बसले. बर्थचे पैसे मात्र वेगळे.

चौथा दिवस? इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात बाहेर पडायला एक आणि परत यायला एक, एवढेच दिवस मिळतात. माझे दोन्ही वापरून झाले होते, दिवस वाया. बाबांच्या युरेलला ही अट नाही, ते एकटे म्युनिक-बर्लिन आयसीईने जाऊन आले बेट्याचे, तेही एका दिवसात. नंतर बेरीज केली तर माझा प्रवास दोन महिने आधी सुटी तिकिटं काढून २३० युरोंच्या आत झाला असता. बाबांना पास परवडला, मला नाही.

विमानाबद्दल थोडक्यात, कारण राग अजून गेलेला नाही. मेमिंगेनहून मालागा, तिकीट २३ युरो. हा विमानतळ म्युनिकपासून शंभरेक किलोमीटर. विमान सकाळी सहाचं, तेवढ्या पहाटे तिथे पोचवणारी गाडी नाही, म्हणजे आदल्या रात्री हॉटेल. केबिन बॅग ३१ युरो. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर काही स्वस्त कंपन्यांत ऑनलाइन चेक-इन करूनही काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. हे मला गेटवर कळलं, रांगेत दोनच माणसं पुढे असताना. पुन्हा उलट पळत काउंटर, पुन्हा सुरक्षा तपासणी. विमान मिळालं, पण कागदात गुंडाळलेला, शेवग्याच्या शेंगेएवढा लांब रोल, म्हणजे माझा नाश्ता, ट्रेमध्येच राहिला. सगळं धरून १४० युरोंच्या वर गेलं.

पण मालागाला उतरल्यावर स्पेनच्या गाड्यांनी मन जिंकलं. माद्रिद-बार्सिलोना ६२१ किलोमीटर, तेव्हा अडीच तास, आणि त्या रुळांवर २०२१ पासून नव्या कंपन्या उतरल्यामुळे भाव पडलेत. मला २४ युरोत जागा मिळाली.

आता माझी पद्धत अशी : सहा तासांच्या आत पोचवणारी गाडी असेल तर विमान बघतही नाही. तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेच्या साइटवर तपासते, कारण बर्लिन-प्राग त्याच गाडीचं तिकीट चेक साइटवर अनेकदा स्वस्त असतं. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, ते आधी काढायची घाई करत नाही. लंडनचं स्वस्त तिकीट कोणी पाठवलं तर उघडत नाही, तिथला व्हिसा वेगळा.

बाबांच्या फोनमध्ये पासचं अ‍ॅप अजून आहे. भुसावळहून रोज संध्याकाळी तिरानोची गाडी वेळेवर सुटली का ते बघतात आणि मला कळवतात.