खाली परसू की वर माडी? बेळगावात जुन्या घरात भाड्यानं राहताना

जुन्या गल्लीतलं घर भाड्यानं घ्यायचं म्हटलं की बहुतेक दोनच गोष्टी दाखवतात: तळाचा मागचा भाग परसासकट, नाहीतर वरची माडी. शहापुरात एकाच गल्लीतल्या दोन घरांत मी दोन्ही केलंय. आधी दीड वर्ष खाली, आता वर. भाड्यात फरक हजार-बाराशेचा, खालचं महाग. कौलं, तुळया, सोपा, माजघर हे तुम्ही बघितलेलं असणारच, ते सोडून देतो.

परसू बघून माणूस खुळावतो. मीही खुळावलो. बोळ ओलांडून मागं गेलो तर विहीर, नारळ, जास्वंदीची दोन झाडं, कढीलिंबाखाली कपडे धुवायचा दगड. डिपॉझिट त्याच दिवशी देऊन टाकलं. करार कन्नडमध्ये टाईप केलेला, नेहमीचा अकरा महिन्यांचा. त्यात 'हित्तलु' हा शब्द बोट ठेवून बघितला, म्हणजे परसू आपलं झालं असं धरून चाललो. कुणाकुणाबरोबर, ते त्यात नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला खिडकीशी बांगड्या वाजल्या. पाठोपाठ दबक्या आवाजात, "जरा चार फुलं काढून जातो हां." शेजारच्या वैनी. त्यांच्यामागून पलीकडच्या अक्का, मग विहिरीवर मालकीणबाई. झोपायची खोली नेमकी परसाकडची. आपल्याकडं उन्हाळ्यातही पहाटेचा वारा कसा असतो ते सांगायला नको, आणि मी मात्र पडदा ओढून झोपायचो. रविवारी बनियनवर खुर्ची टाकून चहा प्यायचा बेत दीड वर्षात दोनदा जमला असेल. श्रावणात वर्दळ वाढली. गणपतीत दूर्वांसाठी अर्धी गल्ली आत, एकवीसच्या जुड्या बांधत तिथंच बसलेली. कडेला मी मेथी टाकली होती, ती पायाखाली गेली.

माणसं वाईट नव्हती. जाताना कुणी नारळाची वडी ठेवून जायचं, आजारी पडलो तेव्हा पेजही आली. पण एकदा मालकीणबाईंना म्हटलं, बोळाच्या दाराला आतून कडी लावू का? "फुलाला कोण नाही म्हणतंय काय ओ?" एवढंच बोलल्या. त्यांचंही खरं होतं. त्यानंतर गल्लीत माझी ओळख मात्र फुलं न देणारा अशी झाली.

ओलीचं म्हणाल तर ती आहेच. जून ते सप्टेंबर मातीची भिंत कमरेपर्यंत ओली राहते, चपलांवर हिरवी बुरशी धरते. तेवढं मी सोसलं असतं.

माडी काही स्वर्ग नाही. जिना उभा, दोरी धरून चढायचा. सिलिंडरवाला खालूनच वरकड पैशांची भाषा करतो. नळाचं पाणी आपल्या जोरावर वर चढत नाही. मोटर सुरू करायला विसरलात तर बादल्या. एप्रिल-मेच्या दुपारी कौलं तापतात. फळ्यांची जमीन असेल तर जपून चालावं लागतं, कारण पाय आपटला की खालच्यांच्या ताटात माती. "काल रात्री फिरत होता काय ओ?" असं मला दोनदा ऐकून घ्यावं लागलंय.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं विचाराच: मीटर स्वतंत्र आहे का. जुलै २०२३ पासूनची गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची २०० युनिटांपर्यंत फुकट विजेची योजना, भाडेकरूंनाही मिळते, पण ती मीटरवर. सगळ्या घराला एकच मीटर असेल तर २०० युनिटं बघता बघता ओलांडतात आणि मग सगळंच बिल भरायचं. माझ्या खालच्या घरात तसंच होतं. माडीला मीटर वेगळं आहे. अर्थात हा त्या त्या घराचा योग.

घरात गुडघे दुखणारी आई असेल, रांगतं मूल असेल, तर खालचंच घ्या, मी अडवणार नाही. तेव्हा परसात कुणी कधी यायचं ते करारात लिहून घ्या, लाजू नका. ज्यांना पहाटे माणसं आवडतात त्यांनाही तेच बरं. मला विचाराल तर, निदान या गल्लीपुरतं, मी माडीकडं झुकतो. इथल्या मागच्या खिडकीतून खालचं परसू सगळं दिसतं, नारळाच्या झावळ्या तर हाताला येतात. साडेपाचला बांगड्या इथंही वाजतात, पण खाली. मी कूस बदलतो.

गेल्या महिन्यात खाली नवं बिऱ्हाड आलं. पोरगा हौशी, आल्या आल्या बोळाच्या दाराला पितळी कडी बसवून घेतली. कडी अजून चकचकीत आहे, दार दिवसभर उघडंच असतं.