डायरेक्टएक्समॅथची प्लेन फंक्शन्स: काही महिने वापरल्यानंतर

प्लेन (सपाट पृष्ठ) आणि वेक्टर यांचा डॉट प्रॉडक्ट म्हणजे चार गुणाकार आणि तीन बेरजा. एवढ्यासाठी डायरेक्टएक्समॅथ या मायक्रोसॉफ्टच्या सी++ ग्राफिक्स-गणित लायब्ररीत तीन वेगळी फंक्शन्स कशाला, असं डॉक्युमेंटेशन चाळताना कुणालाही वाटेल. गेले काही महिने एका छोट्या रेंडररमध्ये फ्रस्टम कलिंग (कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या वस्तू गाळणं) आणि माउस पिकिंगसाठी (माउसखाली काय आहे ते शोधणं) ही लायब्ररी रोज हाताखाली आहे आणि माझ्या मते तिच्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. (नावांपुढचं 'एक्सएम' इथे गाळतोय.)

प्लेन चार आकड्यांत साठवतात: पहिले तीन म्हणजे त्याला लंब दिशा (नॉर्मल), चौथा डी त्याची जागा ठरवतो. वेक्टरचा चौथा घटक डब्ल्यू. प्लेनडॉट चारही घटक जसेच्या तसे गुणतं. प्लेनडॉटकोऑर्ड डब्ल्यू 1 धरतं, म्हणजे ते बिंदूसाठी. प्लेनडॉटनॉर्मल 0 धरतं, ते दिशेसाठी. गंमत अशी की लोडफ्लोट3 ने बिंदू लोड केला की डब्ल्यू 0 होतो. तोच प्लेनडॉटला दिलात तर प्लेनचा डी गुपचूप गळतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही.

3 उंचीवरचं आडवं प्लेन घ्या: (0, 1, 0, −3). बिंदू (1, 5, 0). डॉटकोऑर्ड 2 देतं, म्हणजे बिंदू वरच्या बाजूला, 2 अंतरावर. तिथून सरळ खाली (0, −1, 0) असा किरण सोडला तर डॉटनॉर्मल −1. पहिल्याचं चिन्ह बदलून दुसऱ्याने भागलं की टी (किरणावरून किती पुढे जायचं ते) = 2, छेदबिंदू (1, 3, 0). पिकिंगचा गाभा एवढाच. डॉटनॉर्मल शून्याजवळ आलं तर किरण समांतर आहे, तिथे भागायला जाऊ नका.

हेच प्लेन (0, 2, 0, −6) असं आलं असतं तर उत्तर 4: बाजू बरोबर, अंतर चुकीचं. मॅट्रिक्समधून काढलेली फ्रस्टमची प्लेन्स साधारण अशीच येतात आणि स्फिअर कलिंगमध्ये (वस्तूभोवतीचा गोल तपासताना) अंतराची तुलना त्रिज्येशी असते, म्हणून आधी प्लेननॉर्मलाइझ, म्हणजे नॉर्मलची लांबी 1 करणं. वेक्टर4नॉर्मलाइझ चालत नाही, ते डीसुद्धा लांबीत मोजतं.

डोकेदुखीही आहेच. उत्तर साधा फ्लोट नसून चारही खणांत तोच आकडा भरलेला वेक्टर असतो. सिमडी रजिस्टरमधून (प्रोसेसरमधली, एकाच वेळी अनेक आकडे हाताळणारी जागा) बाहेर यावं लागू नये म्हणून हे ठीक, पण एका 'इफ'साठी दर वेळी वेक्टरगेटएक्स लिहायचा कंटाळा येतो. प्लेनट्रान्सफॉर्मला नेहमीची नव्हे, इनव्हर्स ट्रान्सपोज (उलट करून ओळी-स्तंभ अदलाबदल केलेली) मॅट्रिक्स लागते, हे नावावरून अजिबात कळत नाही.

डी3डीएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीचा कोड इकडे हलवणाऱ्यांना नावं ओळखीचीच वाटतील. फ्लोटच हवा असेल तर डायरेक्टएक्स टूल किटमधलं सिम्पलमॅथ (याच लायब्ररीवरचं सोपं आवरण) आहे. एडिटरच्या कोडमध्ये मी तेच वापरतो, कलिंगच्या लूपमध्ये मात्र नाही: तिथे प्रत्येक कॉलला मेमरी ते रजिस्टर आणि परत असा लोड-स्टोअरचा हेलपाटा परवडत नाही.