थंडरबर्ड: फुकट आहे, चांगलं आहे, पण ते आउटगोइंग सर्व्हर!

सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर आम्ही थंडरबर्ड हे मेल वाचायचं-पाठवायचं सॉफ्टवेअर ठेवलंय, कारण ते फुकट आहे. मेलसाठी दरवर्षी मेंटेनन्समधून पैसे भरायचे म्हटलं असतं, तर एजीएमला सभासदांनी मला सोलून काढलं असतं. शोध झटपट लागतो, नेट गेलं तरी उतरवलेली जुनी पत्रं दिसतात. एवढ्यावर मी खूश होतो.

मग नवी कमिटी आली आणि नव्या सेक्रेटरींनी आल्या आल्या जीमेलचा पासवर्ड बदलला. बरोबरच केलं म्हणा. पण थंडरबर्ड उघडलं की 'लॉगिन फेल'. मॅनेजर बिचारा नवा पासवर्ड टाकतोय, ते पुन्हा विचारतंय. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मशीन न बघताच फोनवर निदान केलं, "काका, विंडोज फॉरमॅट मारावं लागेल, हजार होतील." मेलच्या पासवर्डसाठी फॉरमॅट! ठेवला फोन.

मुळात ३० मे २०२२ पासून गुगल अशा प्रोग्राममधून खात्याचा नेहमीचा पासवर्ड स्वीकारतच नाही. आमचं चालू होतं ते जुन्या कमिटीने काढलेल्या १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्डवर, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल वेगळा बनवून देतं त्या पासवर्डवर. मुख्य पासवर्ड बदलला की हे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. नवा काढला असता, तर तोही पुढच्या बदलात गेला असता. म्हणून अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, ऑथेंटिकेशन मेथडमध्ये 'नॉर्मल पासवर्ड' काढून 'ओऑथ२' केलं, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता थेट गुगलच्या खिडकीत साइन-इन करायची पद्धत. सेव्ह्ड पासवर्ड्समधल्या जुन्या नोंदी उडवल्या. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज (वेबसाइट साठवते त्या छोट्या नोंदी) बंद असतील तर आधी चालू करा, नाहीतर साइन-इन पुढे सरकत नाही. गुगलची खिडकी आली, ओटीपी खजिनदारांच्या मोबाइलवर गेला, खजिनदार बँकेत. ते आल्यावर मेल धडाधड उतरले.

उतरले, पण जाईनात! बिलं पाठवायला गेलं की पुन्हा नकार. माझा खरा राग इथे आहे. जाणाऱ्या मेलचं सर्व्हर खात्याच्या सेटिंग्जशेजारी नाही. डावीकडच्या यादीत पार तळाशी, सगळ्या खात्यांचं एकत्र. तिथे जाऊन एडिट दाबा, पुन्हा ओऑथ२ निवडा. पत्ता एक, खातं एक, मग पद्धत दोनदा का निवडायची? फ्लॅटच्या दाराला दोन कुलपं आणि दुसऱ्याची किल्ली गच्चीवरच्या टाकीमागे, असला कारभार. वर येणारे मेल व्यवस्थित दिसत असल्यामुळे तिकडे बघायचं कुणाला सुचतही नाही. तेव्हा चिडून तीनच तारे दिले होते.

नंतरची भर: पासवर्ड परत बदलला गेला. ओऑथची परवानगीही त्याबरोबर जाते, ते गुगलचं धोरणच आहे. पण या वेळी गुगलची खिडकी आपणहून समोर आली, मॅनेजरने माझ्याशिवाय साइन-इन केलं आणि बिलंही गेली. अ‍ॅप पासवर्ड काढायचा खटाटोप नाही, दुरुस्तीवाला नाही. चार तारे. ओटीपीसाठी ऑफिसचा मोबाइल नंबर लावा असं कमिटीला लेखी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.